शिरेतून जेवण

१९६१ साल. फिलाडेल्फियात पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात स्टॅन्ले डड्रिक नावाचा इंटर्न सर्जरीच्या वॉर्डात राबत होता. खाणकामगाराच्या घरातला मुलगा, त्याच वर्षी डॉक्टर झालेला. एका शनिवार-रविवारात त्याच्याकडचे तीन पेशंट पाठोपाठ गेले. तिघांचीही मोठी ऑपरेशनं झाली होती, आणि चोख झाली होती. डड्रिक पार खचला. सर्जरी आपल्याला झेपणारी नाही असं मनाशी घेऊन तो विभागप्रमुख जोनाथन ऱ्होड्स यांच्यापुढे उभा राहिला.

ऱ्होड्स यांनी धीर तर दिलाच, पण कारणही सांगितलं. हे पेशंट सर्जनच्या हातून गेले नव्हते. ते उपासमारीने गेले होते.

अमेरिकेतल्या एका नामांकित रुग्णालयात, पांढऱ्याशुभ्र खाटेवर, उपासमार! आज हे वाचतानाही अंगावर काटा येतो. पण शरीराचा हिशोब कठोर असतो. आतडं कापलेलं, अडलेलं किंवा गळत असलेलं. तोंडाने काही घेता येत नाही. असे दिवसामागून दिवस जातात. इकडे जखम भरायला, जंतूंशी लढायला शरीराला नेहमीपेक्षा जास्त अन्न लागतं. ते मिळालं नाही की शरीर स्वतःचेच स्नायू जाळू लागतं. मग टाके धरत नाहीत, शिवलेलं आतडं उसवतं, खोकून कफ काढायचीही ताकद छातीत उरत नाही. मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया लिहिला जातो. भूक कुठेच लिहिली जात नाही.

आणि उशाशी बाटली तर लटकलेली असतेच. ‘सलाईन चालू आहे ना, मग काळजी नाही,’ असं आपल्याकडेही प्रत्येक वॉर्डाबाहेर ऐकू येतं. साध्या सलाईनमध्ये पाणी आणि मीठ असतं, उष्मांक शून्य. ग्लुकोजच्या पाच टक्क्यांच्या एक लिटर बाटलीत पन्नास ग्रॅम साखर, म्हणजे एखाद्या भाकरीएवढी ऊर्जा, तीही प्रथिनांवाचून. त्या बाटल्यांनी असंख्य जीव वाचवले आहेत, पण जेवण म्हणून त्यांच्याकडे पाहणं हा जीवघेणा गैरसमज आहे.

याचा इशारा पंचवीस वर्षं आधीच मिळाला होता. क्लीव्हलँडच्या हायराम स्टडली या सर्जनने १९३६ मध्ये पोटाच्या अल्सरसाठी ऑपरेशन झालेल्या पेशंटांची एक नोंद छापली. ऑपरेशनआधी ज्यांचं वजन वीस टक्क्यांहून जास्त उतरलं होतं, त्यांच्यातला तिघांत एक दगावला. बाकीच्यांत हे प्रमाण साडेतीन टक्के होतं. त्याच्या हाताशी केवळ वजनकाटा होता. ऱ्होड्स यांनाही हे ठाऊक होतं. तीसच्या दशकापासून त्यांच्या विभागात प्रथिनांची कमतरता आणि न भरणाऱ्या जखमा यांवर काम चालू होतं. निदान झालेलं होतं. उपाय सापडत नव्हता.

अडचण शिरेची होती. हातावरच्या बारीक शिरेत रक्त मंद वाहतं. तिथे दाट साखरेचं द्रावण सोडलं की शीर सुजते, दुखते, गोठून बंद पडते. दहा टक्क्यांच्या पुढे जाणं जवळपास अशक्य. म्हणून ऱ्होड्स यांनी पातळ द्रावणच भरपूर द्यायचं ठरवलं: दिवसाला पाच-पाच लिटर, आणि जादा पाणी बाहेर पडावं म्हणून सोबत लघवी होण्याचं औषध. हे मूठभर पेशंटांनाच सोसे, आणि एवढं करूनही पोट भरत नसेच. कमी पाण्यात जास्त ऊर्जा द्यायची तर तेल-तूप, म्हणजे स्निग्ध पदार्थ, हा दुसरा मार्ग. पण सरकीच्या तेलापासून केलेलं द्रावण घातक ठरून साठच्या दशकाच्या मध्यात अमेरिकेत बंद झालं. स्वीडनमध्ये आर्विड व्रेटलिंड यांनी सोयाबीन तेल आणि अंड्यातल्या घटकांपासून सुरक्षित द्रावण बनवलं होतं. ते अमेरिकी डॉक्टरांच्या हाती यायला अजून वेळ होता. शिरेतून माणूस जगवता येणार नाही, हेच बहुतेक जाणकारांचं मत होतं.

डड्रिकने प्रश्नच फिरवला. द्रावण पातळ करता येत नसेल, तर शीर मोठी का घेऊ नये?

हृदयाच्या तोंडाशी जी महाशीर असते, तिच्यातून मिनिटाला लिटर-दोन लिटर रक्त धावतं. तिथे दाट द्रावण थेंबाथेंबाने सोडलं तर क्षणात विरघळून जाईल. गळपट्टीच्या हाडाखालून तिथवर नळी नेण्याची वाट फ्रेंच सर्जन रोबेर ओबानियाक यांनी १९५२ मध्येच दाखवली होती. वाट होती आणि भूकही होती, पण दोघांची गाठ कुणी घातली नव्हती. मला या कथेतला हाच क्षण सर्वांत थरारक वाटतो.

पण माणसावर एकदम प्रयोग करायचा नाही, असं ठरलं. डग्लस विल्मोर आणि जीवरसायनतज्ज्ञ हॅरी व्हार्स यांच्यासह डड्रिकने बीगल जातीची पिल्लं निवडली. मोठा कुत्रा काही दिवस स्वतःच्या चरबीवर तग धरेल, त्यातून काहीच सिद्ध होणार नाही. वाढत्या पिल्लाला मात्र फसवता येत नाही: अन्न अपुरं पडलं की वाढ थांबते. मानेच्या शिरेतून नळी आत नेली, तिचं दुसरं टोक खांद्यांमधून बाहेर काढलं आणि पिल्लू हिंडू-फिरू शकेल असा फिरता जोड बसवला. द्रावणात साखर, प्रथिनांचे घटक, क्षार, जीवनसत्त्वं. रक्ताच्या सुमारे सहापट दाट. सहा पिल्लं ७२ ते २५६ दिवस केवळ शिरेतून मिळालेल्या अन्नावर राहिली, आणि तोंडाने खाणाऱ्या आपल्या भावंडांच्या बरोबरीने वाढली.

मग खंगलेल्या, खाऊ न शकणाऱ्या काही मोठ्या पेशंटांवर हा उपाय झाला. जखमा भरू लागल्या.

१९६७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियाच्या मुलांच्या रुग्णालयात एक तान्ही मुलगी होती. तिचं लहान आतडं जन्मतःच जवळपास सगळं बंद होतं. ऑपरेशनमध्ये निकामी भाग काढल्यावर अन्न शोषायला काही उरलंच नाही. दिवसेंदिवस ती वाळत चालली होती. पिल्लांवर जे साधलं तेच आता या जिवासाठी करायचं होतं. मानेतल्या शिरेतून नळी महाशिरेत नेली आणि टोक कातडीखालून कानामागे बाहेर काढलं. उघड्या जखमेपासून जितकं लांब, तितका जंतूंचा धोका कमी. ती जगली. वजन चढलं, लांबी वाढली, डोक्याचा घेर वाढला. बावीस महिने तिचं पोषण मुख्यतः शिरेतूनच झालं. शेवटी ती गेली, पण तिने मागे ठेवलेल्या ज्ञानावर किती बाळं वाढली याची मोजदाद नाही. १९६८ मध्ये हे काम छापून आलं आणि पुढच्या दशकात जगभर पसरलं. टीपीएन, म्हणजे संपूर्ण पोषण शिरेतून, हा शब्द आज आपल्याकडच्या मोठ्या आयसीयूत रोजचा आहे.

शोधाचा उत्साह ओसरल्यावर त्याच्या मर्यादाही कळल्या, आणि त्या सांगायलाच हव्यात. महाशिरेतली नळी म्हणजे जंतूंना उघडं दार. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत ३९५ पेशंटांवर झालेला अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑपरेशनआधी शिरेतून अन्न दिल्याचा खरा लाभ फक्त अतिशय कुपोषितांना झाला. बाकीच्यांत जंतुसंसर्गच वाढला. आतडं चालू असेल तर अन्न तिथूनच जावं, हे पुन्हा पटलं. डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी नव्वदच्या दशकात त्याहून पुढची पायरी गाठली: उगाच लांबवलेला उपास नको, वेदना नीट आवरा, पेशंटला लवकर उठवा, लवकर खाऊ घाला. आपल्याकडे ‘रात्री बारापासून पाण्याचा थेंबही नाही’ ही सूचना अजून ऐकू येते. वास्तविक विशेष धोका नसलेल्या पेशंटला भूल देण्याच्या दोन तास आधीपर्यंत पाणी चालतं, अर्थात आपल्या भूलतज्ज्ञाला विचारूनच.

स्टडलीचा वजनकाटा मात्र आजही तितकाच कामाचा आहे. वजन किती उतरलं हे पेशंटला आकड्यात सांगता येत नाही, पण घरच्यांना ते दिसलेलं असतं: पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं, बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या. हे सर्जनने विचारायची वाट न बघता सांगावं. कुपोषण तीव्र असेल तर कॅन्सरचं ऑपरेशनसुद्धा सात ते चौदा दिवस पुढे ढकलून आधी पेशंटला नीट खाऊ घालावं, असं आजचे युरोपीय निर्देश सांगतात.