दुःस्वप्ननगरीतील प्रेमिक आणि कुंभकोणमची यमुना

एखाद्या कादंबरीने निराशा केली असे वाचक म्हणतो, तेव्हा तो बहुधा तिच्या शेवटाकडे बोट दाखवितो. नायिका मरावयास नको होती. दोघा प्रेमिकांपैकी तिने निवडला तो योग्य नव्हता. जुलमी राज्य कोसळले खरे, पण ते इतक्या सहज कसे कोसळले हे कळले नाही. तरुण वाचकांसाठी लिहिल्या गेलेल्या, भावी काळातील जुलमी राज्याच्या पार्श्वभूमीवर प्रेमकथा रंगविणाऱ्या कादंबऱ्यांविषयी या तक्रारी विशेषच ऐकू येतात. समीक्षक त्यांच्याकडे सहसा लक्ष देत नाहीत. वाचक अल्पवयस्क, कादंबरीप्रकार लोकप्रिय, तेव्हा त्यांच्या रागलोभाचे मोल ते किती, अशी त्यांची भूमिका असते. ही भूमिका बरोबर नाही. निराशा हा वाङ्मयीन निर्णयच असतो. त्याची कारणे सांगता न आल्याने तो खोटा ठरत नाही. वाचक शेवटाला दोष देतो, पण ज्याची उणीव त्याला भासत असते ते कादंबरीत आरंभापासूनच नसते. ते काय, हे पाहणे अगत्याचे आहे.

टॉमस मोर याने १५१६ मध्ये 'युटोपिया' लिहून आदर्श नगरीला नाव दिले. तिच्या उलट नगरीला इंग्रजीत जे 'डिस्टोपिया' नाव आहे, त्याचे विशेषणरूप जॉन स्टुअर्ट मिल याने १८६८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटातील भाषणात वापरले होते. मराठीत तिला दुःस्वप्ननगरी म्हणता येईल. विसाव्या शतकात या नगरीच्या कादंबऱ्यांची एक परंपराच निर्माण झाली, आणि तिच्यातील प्रमुख कृतींत प्रेमकथा आहे हे लक्षात घेण्यासारखे आहे. झाम्यातिनच्या १९२४ मध्ये इंग्रजीतून प्रथम प्रसिद्ध झालेल्या 'वुई' या कादंबरीचा निवेदक एका बंडखोर स्त्रीच्या प्रेमात पडतो. ऑर्वेलच्या १९४९ च्या 'नाइन्टीन एटी-फोर'मध्ये विन्स्टन आणि जूलिया यांचे प्रेम हाच राज्यविरोधी गुन्हा ठरतो. २००८ नंतर अमेरिकेत तरुणांसाठी जी लाट आली, तिने हाच सांगाडा उचलला. सुझन कॉलिन्सची 'द हंगर गेम्स' २००८ मध्ये आली, अॅली काँडीची 'मॅच्ड' २०१० मध्ये, तर लॉरेन ऑलिव्हरची 'डिलिरियम' आणि व्हेरॉनिका रॉथची 'डायव्हर्जंट' २०११ मध्ये. या सर्वांच्या पुढे मालिका झाल्या. रॉथच्या मालिकेचा शेवटचा भाग 'अलीजंट' २०१३ मध्ये निघाला आणि त्यात नायिका ट्रिस मरण पावते हे पाहून असंख्य वाचक संतापले.

परंतु नायिकेचा मृत्यू हे निराशेचे खरे कारण असते, तर ऑर्वेलच्या वाचकाने अधिकच निराश व्हावयास हवे होते. त्याच्या कादंबरीत प्रेमिक जिवंत राहतात, पण प्रेम मरते. छळाच्या खोलीत विन्स्टन आपली यातना जूलियावर लोटू पाहतो. पुढे दोघांची भेट होते तेव्हा दोघांनीही एकमेकांचा घात केल्याचे ते शांतपणे मान्य करतात. झाम्यातिनचा निवेदक तर कल्पनाशक्ती नष्ट करणारी शस्त्रक्रिया झाल्यावर आपल्या प्रियेचा छळ निर्विकारपणे पाहतो. हे शेवट भीषण आहेत, निराशाजनक नाहीत. वाचक हादरतो, पण फसविला गेला असे त्याला वाटत नाही. कारण राज्य माणसात किती खोलवर शिरू शकते, या प्रश्नाचे उत्तर या शेवटात मिळते, आणि तो प्रश्न पहिल्या पानापासून विचारलेला असतो. झाम्यातिनचा निवेदक राज्याचा अभियंता आणि भक्त आहे. प्रेम त्याला रोगासारखे जडते. राज्य त्याच्या समोर उभे नाही. ते त्याच्या वाक्यांत आहे.

आता 'डिलिरियम' पाहावी. तिच्यातील राज्याने प्रेमाला रोग ठरविले आहे आणि अठरा वर्षे पूर्ण झाली की प्रत्येकावर उपचार केला जातो. कादंबरीच्या प्रारंभी नायिका लीना या उपचाराची आतुरतेने वाट पाहत असते. कल्पना झाम्यातिनच्या तोडीची आहे: ज्या मुलीला प्रेमाची मनापासून भीती वाटते, तिला प्रेम भेटले तर काय होईल? दुर्दैवाने अलेक्स भेटताच ही भीती फार सहज गळून पडते. इतकी वर्षे मनात मुरलेली श्रद्धा काही भेटींत विरून जाते आणि तिचा व्रणही पुढच्या प्रेमावर उमटत नाही. तेथून पुढे राज्य म्हणजे कुंपण, पहारेकरी आणि पाठलाग एवढेच उरते. प्रेम शुद्ध, राज्य दुष्ट. एक आत, दुसरे बाहेर. अशा कादंबरीत पुढे कितीही माणसे मेली, तरी त्या दोघांच्या प्रेमाविषयी नवे काहीच कळत नाही. वाचकाला जे रिकामेपण जाणवते ते येथे आहे. शेवटी ते केवळ उघडे पडते.

'मॅच्ड' या कादंबरीच्या बाबतीत भारतीय वाचकाची निराशा आणखी वेगळ्या कारणाने होते. तिच्यातील 'सोसायटी' सतराव्या वर्षी माहितीच्या पृथक्करणावरून प्रत्येक मुलीला जोडीदार नेमून देते. अमेरिकन वाचकाला ही भयसूचक कल्पना वाटावी, अशी लेखिकेची अपेक्षा आहे. परंतु पत्रिका, गोत्र, हुंडा आणि शिक्षण यांची कोष्टके जुळवून जोडीदार नेमून देणारी सोसायटी पुण्यात, धारवाडात किंवा तंजावरात भविष्यकाळात शोधावी लागत नाही. ती माजघरात बसलेली असते. तिला गणवेष नसतो. ती आजारपणात उशाशी बसते, परीक्षेच्या दिवशी हातावर दही ठेवते, आणि तितक्याच मायेने मुलीच्या आयुष्याचा निकाल लावते. ज्याला कादंबरी दुःस्वप्न म्हणून सांगते आहे, त्याविषयी वाचकालाच तिच्यापेक्षा अधिक माहिती असते.

म्हणूनच या प्रकारात नेमके काय हरवले आहे हे कळण्यासाठी एका वेगळ्याच कादंबरीकडे वळणे उपयुक्त ठरेल. ती दुःस्वप्ननगरीची नव्हे. कावेरीकाठच्या कुंभकोणम या खऱ्या नगराची आहे. तमिळ कादंबरीकार ति. जानकीरामन् (१९२१–१९८२) यांची 'मोहमुळ्' ही कादंबरी 'स्वदेशमित्रन्' साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. नावाचा अर्थ मोहाचा काटा. बाबू हा तरुण कुंभकोणमला कॉलेजच्या शिक्षणासाठी येतो, रंगण्णा या गुरूजवळ गाणे शिकतो आणि वयाने आपल्याहून सुमारे दहा वर्षांनी मोठ्या असलेल्या यमुनेवर प्रेम करू लागतो. मराठी वाचकाला या यमुनेविषयी विशेष जवळीक वाटावी असे एक कारण आहे. तिचे वडील तमिळ ब्राह्मण, तर आई तंजावरची मराठी स्त्री, त्यांची दुसरी पत्नी. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तंजावरास जे राज्य स्थापिले, ते १८५५ मध्ये खालसा झाले. पण त्याच्यामागून आलेली मराठी घराणी त्या प्रदेशात राहिली. सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये कुंभकोणमलाच झाला. त्या वस्तीची स्मृती जानकीरामन् यांनी दरबारी वैभवात न शोधता एका अविवाहित मुलीच्या नशिबात पाहिली.

यमुनेचे लग्न जमत नाही. स्थळे येतात, आईचे कूळ कळते, आणि माघारी जातात. या व्यवस्थेला कायदा नाही, पहारा नाही, शिक्षाही नाही. कोणी यमुनेचा द्वेष करीत नाही. तिला नकार देणारा प्रत्येक जण आपल्या घराचे भले पाहत असतो. आणि असे असूनही वडिलांच्या मृत्यूनंतर ती आणि तिची आई हळूहळू दारिद्र्याच्या तळाशी जातात. कोणत्याही कल्पित राज्याने याहून परिणामकारक यंत्र उभारलेले नाही.

तथापि जानकीरामन् यांचे खरे सामर्थ्य यापुढे आहे. ही व्यवस्था बाबूच्या बाहेर नाही. तो यमुनेची जवळजवळ पूजा करतो, आणि या पूजेतच समाजाने दिलेली एक वाटणी लपलेली आहे: एक स्त्री देवता, दुसरी मोह. शेजारच्या घरात एका म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेली तरुण तंगम्मा राहते. ती बाबूकडे येते, त्याचा मोह जागा होतो, आणि नंतर आपण यमुनेशी प्रतारणा केली या जाणिवेने तो तिला दूर लोटतो. तंगम्मा आत्मघात करते. ज्या व्यवस्थेने यमुनेला नाकारले तिचा बळी असलेला बाबू, तंगम्मेच्या बाबतीत त्याच व्यवस्थेचा हात होतो, आणि तोही आपल्या प्रेमाच्या पावित्र्याच्या नावाने. तरुणांसाठी लिहिलेल्या दुःस्वप्ननगरीतील प्रेमिकांवर असा प्रसंग क्वचितच येतो. त्यांचे प्रेम त्यांना सदैव निर्दोष ठेवते. वाचकाला मात्र स्वतःच्या अनुभवाने ठाऊक असते, की प्रेम माणसाला निर्दोष ठेवीत नाही.

कादंबरीचा शेवटही या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. प्रथम नकार देणारी यमुना पुष्कळ वर्षांनी, मद्रासमध्ये, हालअपेष्टांनंतर बाबूचा स्वीकार करते. प्रेमकथेच्या हिशेबाने हा विजय आहे. पण या होकारात किती प्रेम, किती कृतज्ञता आणि किती थकवा, हे वेगळे करता येत नाही. इतक्या वर्षांच्या तपश्चर्येचे फळ हाती येते, तेव्हा ते एवढेच होते काय असा प्रश्न उभा राहतो. बाबूची वाट पुन्हा संगीताकडे वळते. वाचकाची इच्छा पुरी होते आणि तरीही तो सुखावत नाही. पण तो निराशही होत नाही. इच्छा म्हणजे काय, याविषयी त्याला काही कळलेले असते.

यावर असा आक्षेप घेतला जाईल, की एका प्रौढ, मान्यवर कादंबरीशी बाजारातील तरुणवाचनाची तुलना करणे अन्यायाचे आहे. परंतु 'मोहमुळ्' ही साप्ताहिकाच्या वाचकांनी दर आठवड्याला वाट पाहून वाचलेली कादंबरी होती. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' हीदेखील १८९० मध्ये सुरू झालेल्या 'करमणूक' पत्रातून आली, आणि तिची निवेदक यमू आरंभी लहान मुलगीच आहे. यमूच्या जगात छळणारी माणसे आहेत. पण हरिभाऊंनी त्यांच्याइतकेच लक्ष रूढीला मूकपणे शरण जाणाऱ्या आप्तांकडे पुरविले. लोकप्रियता वा वाचकाचे वय आड येत नाही.

या लाटेतील सर्वांत टिकाऊ ठरलेली 'द हंगर गेम्स'देखील हेच सिद्ध करते. तिच्यात कॅटनिसला जिवंत राहण्यासाठी कॅमेऱ्यासमोर पीटावरील प्रेमाचे नाटक करावे लागते, आणि नाटक कोठे संपले हे पुढे तिलाच सांगता येत नाही. २०१० च्या 'मॉकिंगजे' या तिसऱ्या भागात राज्य पीटाच्या आठवणीत विष कालवते. जिच्यावर त्याने प्रेम केले तिचीच त्याला भीती वाटू लागते. त्याच भागाच्या अखेरीस, पराभूत राजधानीच्या मुलांना तशाच जीवघेण्या खेळात उतरवावे असा प्रस्ताव येतो, तेव्हा कॅटनिस होकार देते. तो मनापासूनचा की डावपेचाचा, यावर वाचकांत वाद आहे. पण ती निर्दोष राहिली नाही म्हणूनच हा वाद होऊ शकतो. या मालिकेच्या उत्तरार्धाविषयी तक्रारी आहेत, पण राज्य आणि प्रेम तिने वेगळे ठेवले अशी तक्रार करता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तरुणांना आशा हवी. प्रेमिकही कलुषित दाखविले तर त्यांच्या हाती काय राहील? याचे उत्तर असे, की जुलूम नेहमी बाहेरचा आणि ओळखू येणारा असतो असे शिकविणारी कादंबरी तरुणाला आशा देत नाही. ती त्याला निःशस्त्र करते. ज्या मुलीला उद्या आईच्या अश्रूंपुढे नकार द्यावयाचा आहे, तिला कुंपण ओलांडणाऱ्या लीनेचा उपयोग थोडाच. मंजुला पद्मनाभन यांच्या 'एस्केप' (२००८) या इंग्रजी कादंबरीत स्त्रिया नष्ट केलेल्या देशात एका मुलीला तिचे तीन काका लपवून वाढवितात आणि तिचे रक्षण करण्यासाठीच तिची वाढ रोखून धरतात. ती प्रेमकथा नाही, पण भारतीय दुःस्वप्ननगरीला वाट कोठून सापडेल हे तिने दाखविले आहे. येथे पहारेकरी बहुधा नात्यातला असतो, आणि त्याची माया खरी असते.

भारतीय भाषांतून या प्रकाराची भाषांतरे होतील, स्वतंत्र कादंबऱ्याही लिहिल्या जातील. त्यांच्या लेखकांनी नगरीचे नकाशे, गटांची नावे आणि शस्त्रांचे तपशील यांवर श्रम घेण्याआधी एक साधा प्रश्न विचारावा: नायक-नायिका एकमेकांवर प्रेम करतात तेव्हा राज्याने शिकविलेली कोणती गोष्ट त्यांच्या प्रेमात शिल्लक असते? त्याचे उत्तर मिळाले, तर शेवट सुखाचा की दुःखाचा यावर वाचक फारसा वाद घालणार नाही. ते न मिळाल्यास ट्रिसला जिवंत ठेवूनही त्याची निराशा टळणार नाही.