बंद राहिलेली डिझेल गाडी : सेल्फ मारण्याआधी हे पाहा

आखाती देशांत नोकरीस असलेले कोकणातील अनेक लोक गावी गाडी ठेवून जातात. गाडी आठ-दहा महिने उभी राहते, मध्ये एक पावसाळा जातो आणि मालक सुटीवर आला की गाडी स्टार्ट होत नाही. मग सेल्फवर सेल्फ मारले जातात, चार पोरे धक्का देतात आणि अखेर पंप व नोझल उघडण्याची वेळ येते. डिझेल गाडीतील हेच दोन भाग दुरुस्तीला फार महाग. वास्तविक बंद राहिलेल्या गाडीचा दोष बहुधा बॅटरीत, डिझेलमध्ये किंवा नळीत शिरलेल्या हवेत असतो. तो क्रमाने कसा शोधावा, हे आम्ही येथे देत आहोत.

डिझेल इंजिनाचे गणित

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. सिलिंडरातील हवा साधारण पंधरा ते बावीस पट दाबली जाते. त्या दाबाने ती ५०० अंश सेल्सियसच्याही वर तापते आणि तीत डिझेलचा फवारा पडताच ते पेट घेते. म्हणून इंजिन पुरेशा वेगाने फिरले पाहिजे आणि स्वच्छ डिझेल नोझलपर्यंत पोचले पाहिजे. या दोहोंपैकी एक गोष्ट कमी पडली तर कितीही सेल्फ मारले तरी उपयोग नाही.

चावी लावण्याआधी

प्रथम बॉनेट उघडावे. उंदरांनी वायरी किंवा डिझेलच्या रबरी नळ्या कुरतडल्या आहेत काय, हे पाहावे. एअर फिल्टरच्या डब्यातही उंदीर घर करतात. इंजिन ऑइल, रेडिएटरचे पाणी व पट्टे तपासावेत. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी गेले आहे. अशी गाडी चालू करू नये.

बॅटरी

डिझेल इंजिनाचा दाब मोठा, म्हणून त्याला फिरवायला करंटही जास्त लागतो. पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२ व्होल्टच्या खाली गेली तर ती उतरली असे समजावे. नुसता 'टक्-टक्' आवाज येणे किंवा इंजिन रेंगाळत फिरणे हे त्याचेच लक्षण आहे. टर्मिनलवरील पांढरी-हिरवी बुरशी साफ करून बॅटरी चार्ज करून घ्यावी. अनेक महिने उतरलेली राहिलेली बॅटरी पुन्हा भरेलच असे नाही. दुसऱ्या गाडीवरून वायर लावायची तर पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह जोडावे आणि निगेटिव्हचे शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर, लावावे.

डिझेल आणि पाणी

अर्धी रिकामी टाकी पावसाळ्यात दमट हवा घेते. त्या हवेतील बाष्पाचे टाकीत पाणी होते. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाशी बसते. पाणी आणि डिझेल जिथे मिळतात तिथे सूक्ष्म जंतू वाढतात आणि काळपट चिकट गाळ तयार होतो. हाच गाळ फिल्टर तुंबवतो आणि पाणी पंप व नोझलला गंज आणते. म्हणून फिल्टरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घ्यावे. खाली पाण्याचा थर दिसला तर स्वच्छ डिझेल येईपर्यंत ते काढावे व फिल्टर बदलावा. पाणी फार असेल किंवा गाळ निघाला तर टाकीच उतरवून धुवावी. तो खर्च नोझलच्या खर्चापुढे काहीच नाही.

धूर काय सांगतो

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि मध्ये मिनिटभर थांबावे. नाहीतर सेल्फ मोटर जळते. या वेळी एकाला सायलेन्सरकडे पाहायला सांगावे. इंजिन चांगले फिरते पण धूरच येत नाही, तर डिझेल पोचत नाही. नळीत एअर आहे, फिल्टर तुंबला आहे किंवा पंपाच्या सोलेनॉइडची वायर तुटली आहे. पांढरा धूर येतो पण गाडी पेटत नाही, तर डिझेल पोचते पण पुरेशी उष्णता नाही. अशा वेळी हीटर प्लग तपासावेत. जुन्या धाटणीच्या इंजिनांना त्यांची गरज जास्त असते.

एअर काढायला फिल्टरवरचा हातपंप कडक होईपर्यंत दाबावा. १९९८ साली आलेल्या इंडिकाच्या पहिल्या मॉडेलसारख्या जुन्या पंपाच्या गाड्यांत मिस्त्री नोझलचे नट सैल करून एअर काढतात. मात्र २००७ साली आलेल्या डिझेल स्विफ्टसारख्या कॉमन रेल गाड्यांत तसे मुळीच करू नये. तेथील दाब हजार बारच्या वर जातो, त्याची धार कातडीत घुसते. एअर फिल्टरमध्ये पेट्रोल किंवा ईथर मारण्याची युक्तीही टाळावी. तापलेल्या हीटर प्लगवर त्याचा भडका उडून इंजिन फुटू शकते.

पुढच्या वेळी जाताना

टाकी भरून ठेवावी, म्हणजे बाष्पाला जागा उरत नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. हँडब्रेक न ओढता चाकांना दगडाची अटकण लावावी, कारण पावसाळ्यात ब्रेक चिकटतात. घरच्या माणसाला गाडी जागच्या जागी पाच मिनिटे चालू ठेवायला सांगू नये. त्याने बॅटरी भरत नाही. लायसन्स असलेल्या माणसाने दर पंधरा दिवसांनी ती अर्धा तास रस्त्यावर फिरवावी. त्यासाठी विमा व पीयूसी चालू असल्याची खात्री मालकाने जाण्याआधीच करावी. सुटीचे दिवस मोजके असतात; ते गॅरेजच्या दारात घालवण्यापेक्षा जाताना एक तास गाडीला दिलेला बरा.