न्हाऊ घालणारीला कोण न्हाऊ घालणार?

दिवाळीत नरक चतुर्दशीच्या पहाटे आपल्या घरांत ठरलेलं चित्र दिसतं. मुलं पाटावर, पुरुष पाटावर. त्यांना तेल लावायचं, उटणं चोळायचं, वर कढत पाणी घालायचं. हे सगळं करणारी बाई मात्र तासभर आधी उठून, एकटीच चार तांबे अंगावर घेऊन मोकळी झालेली असते. तिच्या पाठीला तेल कोण लावतं? बाईला दुसऱ्याच्या हातचं न्हाणं मिळतं ते बाळंतपणात, तेही सव्वा महिना. पुढे आयुष्यभर न्हाऊ घालणारी तीच.

माझी मावशी निपाणीची. वीसेक वर्षं तिनं तंबाखूच्या वखारीत काम केलं. संध्याकाळी घरी आली की चहासुद्धा न घेता आधी न्हाणीत शिरायची. पोरं बिलगायला धावली तर ओरडायची, "थांब की जरा, हात लावू नकोस!" निकोटीन पाण्यात विरघळतं आणि कातडीतूनही अंगात शिरतं. तंबाखूच्या ओल्या पानांत राबणाऱ्यांना त्यामुळं मळमळ होते, चक्कर येते. मावशीला हे कुणी शिकवलं नव्हतं, पण अंगावरची धूळ लेकरांना लागू नये एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. तिची आंघोळ म्हणजे वखारीतल्या कामाचाच शेवटचा तुकडा होता. त्यात निवांतपणा कधीच नव्हता.

आता तिचे गुडघे आणि कंबर दुखते. ती बेळगावात माझ्याकडे राहायला आली, तेव्हापासून रविवारी संध्याकाळी आमच्याकडे निगडीच्या पाण्याची आंघोळ असते.

निगडी म्हणजे निर्गुंडी. आपल्या भागातले कन्नड शेजारी तिला लक्की म्हणतात. ओढ्याकाठी, नदीकाठी, शेताच्या कुंपणाला ती आपोआप वाढते. एका देठाला तीन ते पाच लांबट पानं, खालची बाजू पांढुरकी, फुलं निळसर-जांभळी. पान चुरगाळलं की उग्र वास येतो. दुखऱ्या सांध्यांना निगडीचा शेक हा आपल्याकडचा जुना उपाय. चरकसंहितेत शेकाचे, म्हणजे स्वेदनाचे, तेरा प्रकार सांगितले आहेत. काढ्यात बसणं म्हणजे ‘अवगाह’ आणि काढ्याची धार अंगावर सोडणं म्हणजे ‘परिषेक’. आपल्या घरी टब नसतो म्हणून हळहळायचं कारण नाही. बादली आणि तांब्या हा परिषेकाचाच घरगुती अवतार आहे. बेळगावकरांना तर जाणकाराला विचारायची सोयही जवळ आहे. शहापुरातलं आयुर्वेद महाविद्यालय 1933 पासून चालू आहे.

आता कृती. मी इंजिनिअर, त्यामुळं ‘अंदाजानं घाल’ हे मला जमत नाही. दोन मुठी निगडीची पानं आणि मिळाल्यास मूठभर कडुलिंबाचा पाला स्वच्छ धुऊन घ्यावा. साडेतीन लिटर पाण्यात टाकून पंधरा मिनिटं झाकून उकळावा आणि गाळावा. साधारण तीन लिटर काढा उरतो आणि गाळेपर्यंत तो 85 अंशांच्या आसपास येतो. 27 अंशांच्या 12 लिटर पाण्यात तो मिसळला की बादलीतलं पाणी 38-39 अंशांवर येतं. थंडीत नळाचं पाणी जास्त गार असतं, तेव्हा थोडं गरम पाणी वाढवावं. बादलीत आधी गार पाणी, मग काढा, हा क्रम सोडू नये. शेवटी कोपर बुडवून पाहावं.

त्याआधी दहा मिनिटं कोमट तिळाचं तेल पाठीला, कमरेला, गुडघ्यांना हलक्या हातानं चोळावं. मग स्टुलावर बसवून तांब्यानं सावकाश पाणी सोडावं. पाय बुडवायला एक घमेलं पुरतं. अंग पुसून लगेच सुती कपडे घालावेत.

यात पानांचा वाटा किती आणि गरम पाण्याचा किती, हा प्रश्न माझ्या डोक्यात येतोच. उबेनं स्नायू सैल होतात, रक्ताभिसरण वाढतं, हे निश्चित. झोपेबद्दलही चांगली माहिती आहे. टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी 2019 मध्ये आधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. झोपण्यापूर्वी एक-दोन तास 40 ते 42.5 अंशांच्या पाण्यानं आंघोळ केली तर झोप सरासरी दहा मिनिटं लवकर लागते, असं त्यांना दिसलं. आमचं पाणी त्याहून थोडं कोमट ठेवते, कारण मावशीला मधुमेह आहे.

ते कारण महत्त्वाचं आहे. मधुमेहात पायांची संवेदना कमी होते, पाणी भाजतंय हे कळतच नाही. म्हणून पाण्याचा अंदाज तिच्या पायानं घेऊ नये, आपल्या कोपरानं घ्यावा. रक्तदाब असणाऱ्यांना एकदम उठू देऊ नये, चक्कर येते. तेलानं फरशी निसरडी होते, खाली खरखरीत पायपुसणं हवंच. ताप असेल, जखम असेल, अंगावर पुरळ असेल तर हा प्रयोग नको. पाला फवारणीच्या शेताजवळचा घेऊ नये. बंद न्हाणीघरात गॅस गिझर चालू ठेवून बसू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस बसल्या जागी बेशुद्ध पडतो. आणि घरात नवं बाळ आलं असेल तर काढ्याचं पाणी बाळाला नको. निरोगी बाळाची पहिली आंघोळसुद्धा जन्मानंतर किमान 24 तास थांबवावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

पहिल्या रविवारी मावशी स्टुलावर अवघडून बसली होती. "तू कशाला, मी घेते की माझी माझी," हेच पाच वेळा म्हणाली. पाठीवर पाण्याची धार पडली तशी गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "शेवटचं असं न्हाणं तुझ्या मावसभावाच्या वेळी मिळालेलं." मावसभाऊ आज एकेचाळीस वर्षांचा आहे.

निगडी कुंपणावर फुकट मिळते, पाणी नळाला येतं. खर्च आहे तो आपल्या एका तासाचा. यंदा अभ्यंगस्नानाच्या पहाटे घरातल्या पुरुषांनी, मुलांनी आधी उठावं, पाणी तापवावं, उटणं कालवून ठेवावं. आई असो, सासूबाई असोत, बायको असो, आत्या असो, पहिला पाट तिचा मांडावा. लेकी-सुनांनी तिच्या पाठीला तेल लावावं. ती नको नको म्हणेल. तरी बसवावं.