‘घाट’ : काशीचा आणि सह्याद्रीचा

कोकणात ‘तो घाटावर गेला’ असे म्हटले, तर सह्याद्री चढून देशावर गेलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. काशीतल्या मराठी घरात तेच वाक्य उच्चारले, तर तो माणूस पायऱ्या उतरून गंगेवर गेलेला असतो. एक वर गेला, दुसरा खाली. शब्द मात्र एकच. कोशकार हे दोन अर्थ शेजारीशेजारी नोंदवितात, पण त्यांना जोडणारा दुवा बहुधा वाचकावर सोपवितात.

हा दुवा ‘घट्टकुटीप्रभात’ या संस्कृत लौकिक न्यायात सापडतो. जकात चुकविण्यासाठी आडवाटेने रात्रभर भटकलेला वाटसरू पहाटे नेमका जकातीच्या चौकीपुढेच येऊन ठेपतो, ही त्यातील कल्पना. म्हणजे ‘घट्ट’ ही केवळ स्नानाची जागा नव्हे. जेथून पार व्हावेच लागते, आणि म्हणून जेथे अडवून पैसा घेता येतो, अशी ती जागा होय. ‘घट्टजीवी’ म्हणजे अशा उतारावर पोट भरणारा नावाडी. जुन्नरजवळच्या नाणेघाटातला दगडी रांजण परंपरेने जकातीचा मानला जातो, तो याच अर्थाच्या जवळचा. नदी असो की डोंगर, अर्थाचा गाभा पाण्यात नाही, पर्वतातही नाही. तो ओलांडण्यात आहे.

‘तीर्थ’ शब्दाची घडणही अशीच आहे. ‘तॄ’ म्हणजे तरून जाणे; तीर्थ म्हणजे मुळात उतार. पुढे तो शब्द पावित्र्याकडे गेला आणि मराठीत तर पळीतल्या पाण्यापर्यंत आला. ‘घाट’ व्यवहारातच राहिला. दशाश्वमेध तीर्थही आहे आणि घाटही. पुण्य पहिल्या नावाने मिळते, नाव दुसऱ्या नावाच्या जागी लागते.

व्युत्पत्तीचा प्रश्न इतका सरळ नाही. ‘घट्ट्’ या धातूचा अर्थ घासणे, ढवळणे. त्यातून उताराचा अर्थ काढणे ओढूनताणून वाटते. उलट कन्नडमध्ये ‘घट्ट’ म्हणजे पर्वतरांग, तेलुगूत ‘गट्टु’ म्हणजे बांध किंवा काठ, तमिळमध्ये ‘कट्टु’ म्हणजे बांधणे. त्यामुळे काही अभ्यासक मूळ द्राविडी मानतात, आणि हे मत अधिक पटण्याजोगे आहे. ‘सुबक घाटाचे भांडे’ यातील घाट मात्र वेगळा; तो घडविणे या अर्थाच्या ‘घट्’ धातूकडे जातो.

युरोपीयांनी वाटेचे नाव डोंगराला दिले. १८८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात नदीचा उतार, खिंड आणि मग पर्वतरांग असा क्रम दाखविला आहे. ‘पश्चिम घाट’ हे आज रूढ झालेले नाव त्याच क्रमातले. मराठी माणसाला डोंगर सह्याद्री. घाट म्हणजे बोरघाट, आंबाघाट, त्यातून जाणारी वाट.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत मराठी सत्ताधीशांनी काशीत घाट बांधले : अहल्याबाई होळकर, नागपूरकर भोसले, आणि १८३० च्या सुमारास बायजाबाई शिंदे, ज्यांचा घाट स्वतःच्याच भाराने खचला. सह्याद्रीच्या वाटांसाठी वापरायचा शब्दच त्यांनी गंगेच्या पायऱ्यांसाठी वापरला. त्या काळच्या कागदांत ‘घाट उतरून’ असे आले, तर पत्र कोठून लिहिले हे पाहिल्यावाचून अर्थ लावू नये. माणसांच्या नावांतही हाच पेच आहे. काशीत स्नानार्थींची व्यवस्था पाहणारा ब्राह्मण ‘घाटिया’. मुंबईत घाटावरून आलेल्या कष्टकऱ्याला हिणवून म्हटले जाते ते ‘घाटी’.