आंधळ्याची काठी आणि सावड : दृष्टी गमावल्यानंतरचे मैत्र

१. प्रस्तावना

समाजाच्या धारणा भाषेतील वाक्प्रचारांत टिकून राहतात. ‘आंधळ्याची काठी’ हा असाच एक वाक्प्रचार. निराधार माणसाचा एकमेव आधार, असा त्याचा अर्थ आहे. त्यात आधार देणारा एक आणि घेणारा दुसरा, अशी विभागणी गृहीत धरलेली दिसते. शेतकऱ्यांच्या बोलीत ‘सावड’ हा आणखी एक शब्द आहे. आज मी तुझ्या शेतात राबायचे, उद्या तू माझ्या शेतात यायचे. श्रमाची फेड श्रमानेच करायची, ही सावडीची रीत. दृष्टी गमावलेल्या माणसाला पुन्हा उभे राहण्यासाठी कोणत्या प्रकारचे मैत्र उपयोगी पडते, याचा विचार आपण या दोन शब्दांच्या आधारे करणार आहोत.

२. दृष्टीबरोबर काय हरवते?

ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड हे सह्याद्रीच्या पायथ्याचे तालुके. येथील मुख्य पीक पावसाळी भात. समजा, येथील एखाद्या शेतकऱ्याची दृष्टी पन्नाशीत गेली. राब कधी भाजावा, रोप लावणीला केव्हा येते, बांध कोठे फुटतो, याचे त्याचे ज्ञान डोळ्यांबरोबर जात नाही. तरीही लावणीच्या दिवसांत त्याला बोलावणे येईनासे होते. “तुम्ही बसा, आम्ही करतो,” असे लोक आपुलकीनेच म्हणतात. परंतु त्या आपुलकीतून गावाच्या देवाणघेवाणीतील त्याचा वाटा संपतो. दृष्टी जाण्याइतकीच ही हानीही मोठी असते.

यात व्यावहारिक अडचणींची भर पडते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या व्यक्तीला आरक्षणासारखे लाभ मिळतात. मात्र ते प्रमाणपत्र मिळवण्यासाठी तपासणीला जावे लागते. मुरबाड तालुक्यात रेल्वे नसल्याने प्रवास रस्त्याने करावा लागतो. अशा वेळी सोबतीला कोणी आहे की नाही, यावर कायद्याने दिलेला हक्क पदरात पडणे अवलंबून राहते.

३. परस्परतेची उदाहरणे

लुई ब्रेल (१८०९–१८५२) हे फ्रान्समधील एका खेड्यातील खोगीर-लगाम बनवणाऱ्या कारागिराचे पुत्र. वडिलांच्या कार्यशाळेत डोळ्याला झालेल्या इजेमुळे त्यांची दृष्टी बालपणीच गेली. त्यांची सहा टिंबांची लिपी सर्वपरिचित आहे. परंतु ती डोळसांना वाचता येत नसे. म्हणून १८३९ मध्ये त्यांनी नेहमीच्या अक्षरांचे आकार टिंबांनी उमटवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ती फार सावकाश चाले. तेव्हा त्यांचे मित्र पिएर फूको यांनी तिच्यासाठी यंत्र तयार केले. फूको स्वतःही अंध होते. एकाची कल्पना आणि दुसऱ्याचे यंत्रकौशल्य यांच्या मेळातून अंध माणूस डोळस आप्तांना स्वतः पत्र लिहू शकला.

महाराष्ट्रात संत गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांचे उदाहरण आहे. अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या महाराजांची दृष्टी तान्हेपणीच गेली. ते इतरांकडून ग्रंथ वाचून घेत आणि आपले ग्रंथ तोंडी सांगून लिहून घेत. त्यांची ग्रंथसंपदा शंभराहून अधिक आहे. वाचून दाखवणारा आपला आवाज देत होता. त्याच्या पदरात ज्ञान पडत होते. ‘प्रज्ञाचक्षू’ हे बिरुद महाराजांना लाभले, त्यामागे ही सामुदायिक वाचनाची साधनाही आहे.

वर्तमानातील उदाहरण ठाणे जिल्ह्यातीलच आहे. उल्हासनगर येथे वाढलेल्या प्रांजल पाटील यांची दृष्टी लहानपणी गेली. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०१६ च्या परीक्षेत १२४ वा क्रमांक मिळवून त्या भारतीय प्रशासन सेवेत गेल्या आणि २०१९ मध्ये तिरुवनंतपुरम येथे उपजिल्हाधिकारी झाल्या. अशा परीक्षेत उत्तर परीक्षार्थीचे असते, हात लेखनिकाचा असतो. लेखनिकाने स्वतःचे काही घालायचे नसते आणि सांगितलेले काही गाळायचेही नसते. मैत्रीलाही ही मर्यादा पाळता आली पाहिजे.

४. सोबतीची रीत

अंध व्यक्तीचा हात धरून तिला ओढत नेणे ही चुकीची रीत होय. मदत हवी का, असे आधी विचारावे. हवी असल्यास तिने आपल्या कोपराच्या किंचित वर धरावे व अर्धे पाऊल मागून चालावे. सोबत्याच्या देहाच्या हालचालीवरून तिला चढ, उतार, वळण कळते. कधी सोडायचे, हेही तिच्या हाती राहते. पांढरी काठीही तिच्या स्वतःच्याच हाती असते. वाक्प्रचारातील काठी आणि प्रत्यक्षातील काठी यांतील हा भेद लक्षात घेण्याजोगा आहे.

५. समारोप

धीर धरणे म्हणजे दुःख नाकारणे नव्हे. दृष्टी गेल्याचा शोक खरा असतो आणि त्याला अवधी द्यावा लागतो. मात्र शोक ओसरल्यावर परतण्यासाठी जागा उरलेली असावी लागते. ती राखणे मित्रांच्या हाती असते. भाताचे बियाणे हाताने पारखण्यासाठी, लावणीचा सल्ला विचारण्यासाठी, तंटा मिटवण्यासाठी त्या शेतकऱ्याला पुन्हा बोलावले गेले, तर त्याची सावड पुन्हा सुरू होते. पसायदानामुळे परिचित झालेल्या ‘मैत्र’ या शब्दातही परस्परताच अभिप्रेत आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘आंधळ्याची काठी’ व ‘सावड’ या शब्दांमागील धारणांतील फरक स्पष्ट करा.
२. ब्रेल आणि फूको यांच्या मैत्रीत परस्परता कशी दिसते?
३. आपल्या परिसरातील बोलीत परस्पर साहाय्यासाठी कोणते शब्द रूढ आहेत, त्यांची अर्थासह नोंद करा.