गाडी खाली बसवताना

टोयोटा ८६ ही २०१२ साली आलेली स्पोर्ट्‌स कार. जपान-अमेरिकेत कित्येक जण ती घेतली की आधी आखूड स्प्रिंगा टाकून ३० मिमी खाली आणतात. दिसते झकास, प्रश्नच नाही. पण फायदा किती? सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी जमिनीपासून ४५० मिमी उंच धरा. ती ४२० वर आली, तर वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाणारा भार सुमारे ७ टक्क्यांनी कमी होतो. बस.

खरी गंमत पुढे आहे. वळणावर बॉडी ज्या बिंदूभोवती कलते, तो रोल सेंटर. या गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे. बॉडी खाली आली की कंट्रोल आर्मचं आतलं टोक खाली जातं आणि रोल सेंटर त्या ३० मिमीपेक्षा जास्त घसरतो. म्हणजे दोघांमधलं अंतर, गाडीला कलवणारा लीव्हर, उलट वाढतो! स्प्रिंग आखूड पण पूर्वीइतकीच मऊ असेल, तर पुढची बाजू जास्त कलणार. शिवाय दबायला जागा कमी, त्यामुळे खड्ड्यात थेट बम्प स्टॉपवर आदळणार. म्हणून आखूड स्प्रिंग कडकच लागते, आणि तिला आवरणारा डँपरही.

'मग जुनीच कापू की', असं वर्कशॉपमध्ये कुणीतरी म्हणतंच. एसओएमचं सूत्र आठवा : ६ वेटोळ्यांतलं एक कापलं, तर कडकपणा २० टक्के वाढतो. गणित बरोबर, पण कापलेलं टोक सीटवर नीट बसत नाही. चाक लोंबकळलं की स्प्रिंग सैल पडून जागेवरून सुटू शकते, तेही चालत्या गाडीत. त्यापेक्षा त्या गाडीसाठीच बनवलेल्या स्प्रिंगा घ्याव्यात, आणि बसवल्यावर अलाइनमेंट पुन्हा करून घ्यावं, कारण कॅम्बर आणि टो दोन्ही हललेले असतात.