विजेचा दाब, प्रवाह व रोध : पंपधारकांस अवश्य असा हिशोब

विहिरीवरील मोटार जळाली म्हणजे 'व्होल्टेज कमी होतें' एवढें एकच कारण बहुधा सांगण्यांत येतें, व सारा दोष वीजपुरवठ्याच्या माथीं मारून मोटार भरावयास दिली जाते. पुष्कळ वेळां तो दोष तेथें असतोहि. परंतु खांबावर पुरेसा असलेला दाब विहिरीपर्यंत पोंचतां पोंचतां आपल्याच तारेंत खर्चीं पडतो, ही गोष्ट फारसें कोणी तपासून पाहत नाहीं. ती तपासण्यास शेतसारा काढण्यापेक्षां अधिक गणित लागत नाहीं, हें जन्मभर महसुलाचे आंकडे लिहिलेला मजसारखा कारकून खात्रीनें सांगूं शकतो.

दाब व्होल्टमध्यें, प्रवाह अँपिअरमध्यें व रोध ओहममध्यें मोजतात. गेओर्ग ओहम ह्या जर्मन शिक्षकानें १८२७ सालीं प्रसिद्ध केलेला नियम असा कीं, दाबास प्रवाहानें भागिलें असतां रोध येतो. अर्थात् प्रवाह व रोध ह्यांचा गुणाकार म्हणजे दाब. दाबास प्रवाहानें गुणिलें कीं शक्ति वॅटमध्यें मिळते. हजार वॅट एक तास खर्च झाले म्हणजे बिलांतील एक युनिट होतें. पाणी तापविण्याचा हीटर २३० व्होल्टवर ५ अँपिअर घेत असेल, तर त्याचा रोध ४६ ओहम व शक्ति ११५० वॅट.

मोटारीस मात्र हा भागाकार असा सरळ लावूं नये. एक फेजची दोन अश्वशक्तीची मोटार सुमारें १० अँपिअर घेते. भागाकार २३ येतो, पण मोटार बंद ठेवून आंतील तारेचा रोध मोजला तर तो ह्याहून पुष्कळच कमी भरतो. कारण फिरणारी मोटार स्वतःच उलट दाब उत्पन्न करून येणारा प्रवाह आवरीत असते. ती अडकून उभी राहिली कीं हा आवर सुटतो, प्रवाह कित्येक पट वाढतो व मोटार जळते. तसेंच २३० गुणिले १० म्हणजे २३०० हीहि खरी शक्ति नव्हे. पॉवर फॅक्टर ०.९ धरल्यास ती २०७० वॅट होते. दोन अश्वशक्ति म्हणजे १४९२ वॅट. उरलेले वॅट मोटारीच्या उष्णतेंत व घर्षणांत जातात.

आतां तारेकडे वळूं. अरुंद व लांब पाटानें नेलेलें पाणी जसें शेवटल्या वाफ्यास जोर धरीत नाहीं, तशीच बारीक व लांब तारेची गत आहे. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरास सुमारें ०.०१७२ ओहम असतो. त्यास लांबीनें गुणावें व जाडीनें भागावें. समजा, खांबापासून विहीर २५० मीटर आहे. वीज एका तारेनें जाऊन दुसरीनें परत येते, म्हणून लांबी ५०० मीटर धरिली पाहिजे. येथेंच बहुतेकांचा हिशोब निम्म्यानें चुकतो. तार अडीच चौरस मिलिमीटरची असेल तर रोध सुमारें ३.४ ओहम. दहा अँपिअर वाहतांना तारेंत ३४ व्होल्ट खर्च होतात. खांबावर २३० असले तरी मोटारीस १९६ च मिळतात, आणि तारेंत ३४० वॅट निवळ उष्णतेंत जातात. आठ तासांत ही नासाडी पावणेतीन युनिटांच्या घरांत जाते. तितकेंच पाणी उचलावयाचें असल्यामुळें दाब उतरलेली मोटार अधिक प्रवाह ओढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते, हें जूल ह्या इंग्रज संशोधकानें १८४१ सालीं दाखविलें. तीच तार सहा चौरस मिलिमीटरची घातली तर रोध १.४ ओहमवर व घट १४ व्होल्टांवर येते. तार ॲल्युमिनियमची असल्यास त्याच जाडीस रोध दीडपटीहून अधिक धरावा. तीन फेजच्या मोटारीसाठीं एकाच तारेच्या रोधास प्रवाहानें व पुन्हा १.७३ नें गुणावें. बाकी रीत हीच.

महाराष्ट्रांत २०२४ सालीं साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांस मोफत वीज देण्याची योजना जाहीर झाली, तेव्हां युनिटांची नासाडी कोणी मनावर घेणार नाहीं. पण मोटार भरण्याचा खर्च कोणतीहि योजना देत नाहीं, आणि ऐन पाळीच्या दिवसांत बुडालेलें पाणी परत मिळत नाहीं.

तपासणींत एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. मोटार बंद असतांना विहिरीवर मीटर लाविला तर तो खांबावरील दाबच दाखवितो. कारण प्रवाह शून्य, म्हणून घटहि शून्य. ह्यावरून 'व्होल्टेज ठीक आहे' असा निर्वाळा देणारा तारतंत्री अर्धेंच काम करून जातो. मोटार पाणी उचलीत असतांना खांबापाशीं एकदां व मोटारीपाशीं एकदां दाब मोजवून घ्यावा. दोहोंतील अंतरास चिमटा मीटरवरील अँपिअरांनीं भागिलें कीं तारेचा रोध हातीं येतो. वर सांगितलेल्या गणितानें निघणाऱ्या रोधापेक्षां तो बराच अधिक भरला, तर दोष तारेच्या जाडींत नसून सांध्यांत आहे असें समजावें. गंजलेल्या वा सैल सांध्याचा अर्धा ओहम रोधहि दहा अँपिअरांवर पन्नास वॅट उष्णता बोटाएवढ्या जागेंत कोंडतो. तेथील वेष्टण काळवंडलेलें दिसतें. असा सांधा चालू विजेवर हाताळूं नये. मुख्य स्विच बंद करून, फ्यूज काढून जवळ ठेवावे, आणि मगच जाणत्याकडून तो साफ करून घट्ट करवून घ्यावा.